पाटल्या मी मोडल्या

काकूंनी कुंकू लावायला हात वर केला, आणि त्या हातात माझ्या आईच्या पाटल्या होत्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आचोळ्यातली आमची बिल्डिंग. पहिल्या मजल्यावर चेअरमनचं घर, दोन फ्लॅट फोडून एक केलेलं. चेअरमनच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. दागिना ठेवून घ्यायचा आणि व्याजाने पैसे द्यायचे, हा काकूंचा धंदा. बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांचं काही ना काही त्यांच्या कपाटात होतं. माझ्या पाटल्या तीन वर्षं होत्या.

शेजारची म्हणाली, "काकू, पाटल्या नवीन केल्यात?"

"नवीन कसल्या गं. हिच्याच आहेत. कपाटात पडून काय करायच्यात? हिला काय या जन्मी सोडवायला जमतंय."

बायका हसल्या. मीही हसले. सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते. वाण म्हणून साबणाची डबी मिळाली ती घेतली आणि आत मोरीत जाऊन त्यांच्या कपबश्या विसळायला बसले. व्याजाला उशीर झाला की असं काम करायचं, रिवाजच पडला होता. कधी पापड लाटून द्यायचे, कधी दिवाळीच्या करंज्या. त्याचा एक रुपया कधी व्याजातून कमी झाला नाही. काकूंची मर्जी राखायची, एवढंच.

पाटल्या गेल्या कशा ते सांगते. नवऱ्याची कंपनी बंद पडली. फ्लॅटचे हप्ते, पोरीची शाळा. मग आठ हजार घेतले, शेकडा पाचने, दर महिन्याला. म्हणजे महिन्याचे चारशे. मी घरी बसून खोट्या बांगड्यांवर खडे चिकटवायचे, तुळिंजच्या एका कारखान्याचा माल. डोळे फुटायची पाळी यायची. त्यातले पहिले चारशे काकूंचे, मग आमचं जेवण.

"मोडून टाकू या का?" असं एकदा नवऱ्याला विचारलं होतं. तो उखडला. "आईचं सोनं मोडतात का? गहाण आहे म्हणजे आपलंच आहे." मलाही पटलं. कोकणातून आलेली माणसं आम्ही. सोनं मोडलं की घरची लक्ष्मी गेली, हेच ऐकत वाढलो. गहाण टाकायला मात्र कुणाला काही वाटत नाही.

हळदीकुंकवाहून घरी आले आणि पोरीला म्हटलं, वही काढ. आठवीत होती. तीन वर्षांचं व्याज किती दिलं ते मांड.

तिने मांडलं. "चौदा हजार चारशे. आणि आई, ते आठ हजार?"

"ते तसेच आहेत."

"पाटल्यांची किंमत किती?"

"तेराएक हजार."

ती पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपण त्या एकदा परत विकत घेतल्या. तरी त्यांच्याच हातात."

मला रडू आलं नाही. राग आला. काकूंचा आला, नवऱ्याचा आला, आणि माझ्या त्या हसण्याचा तर फारच आला. शहाणी म्हणवते स्वतःला, आणि तीन वर्षांत एकदा बेरीज केली नव्हती.

सकाळी काकूंच्या दारात उभी राहिले. "पाटल्या घेऊन सोनाराकडे चला. मोडायच्यात. तुमचे आठ हजार तिथेच घ्या."

"अवदसा आठवली का तुला? आईची शेवटची खूण ना ती?"

"खूण काल तुम्ही सगळ्यांना दाखवलीत."

काकू आल्या. पैसे सुटत होते, न येऊन करतात काय. सोनाराने कातर लावली. आई भात लावताना या पाटल्या कोपरापर्यंत सरकवायची. ते दिसलं आणि मी दुसरीकडे बघितलं. घट धरून साडेबारा हजार आले. आठ काकूंनी दोनदा मोजले.

"आणि या महिन्याचे चारशे?"

"ते तुमच्या कपबश्यांत फिटले."

उरलेल्यातून वाण्याची उधारी दिली आणि पोरीची फी भरली. नवरा दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. नाही तर नाही, म्हटलं. पुढच्या महिन्यापासून चारशे रुपये घरात राहायला लागले आणि त्यातून फ्लॅटचे थकलेले हप्ते एकेक भरत गेलो. मग त्याचं तोंड आपोआप उघडलं. लक्ष्मी कुठे गेली नव्हती. काकूंच्या कपाटातून आमच्या घरी आली होती.

वर्षभराने तिसऱ्या मजल्यावरची एक सून गळ्यातली चेन पदरात धरून जिना उतरत होती. मी तिला अडवलं आणि तिथेच पायरीवर बसवून बेरीज दाखवली. काकू दारातून ओरडल्या, "माझ्या पोटावर उठलीस काय गं?"

"हो," म्हटलं.

तेव्हापासून खडे चिकटवायला मी घरात बसत नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर, जिन्यात बसते. उजेडही बरा येतो. नवरा म्हणतो, कशाला लोकांच्या भानगडीत पडतेस. काकूंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार केली, जिना अडवते म्हणून. अडवतेच. पदराआड काही धरून कुणी त्या दाराकडे निघाली की तिला खाली बसवते. पोरीची ती वही माझ्या पिशवीत असते.