आधी माझी चूक

चष्मा कपाळावर सरकवायचा, चहाचा मातीचा कुल्हड दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचं, "आधी माझी चूक सांगते जी." आमच्या ग्रंथालयात बाईंची सकाळ अशी सुरू व्हायची.

दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत आमचं जुन्या हस्तलिखितांचं ग्रंथालय आहे. सुट्या पानांच्या पोथ्या, प्रत्येक पोथी लाल कापडात बांधलेली. त्याला आम्ही बस्ता म्हणतो. मी तिथे अठरा वर्षं काढलेली. आमचं घराणं काशीत सात पिढ्यांचं, नुसत्या अक्षरावरून मी पोथीचं शतक सांगतो. प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती मलाच मिळणार, असं मी घरीही सांगून टाकलं होतं. आणि त्या खुर्चीवर नागपूरहून बाई आल्या. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला 'भाऊ' म्हणायच्या, तेही मला खुपायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दहा वाजता सगळ्यांना एका टेबलाशी चहाला बसवलं. काल कोणाचं काय चुकलं ते सांगायचं, सुरुवात त्या स्वतःपासून करायच्या. "काल मी एका पोथीचा नंबर दुसरीला टाकला जी. तिवारीजींनी पकडलं म्हणून बरं." प्रमुखच अशी कबुली देते हे बघून मी मनात म्हटलं, झालं, आता हिला कोण विचारतो! माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हटलं असतं.

झालं उलटंच. पानं स्कॅन करणारे तिवारीजी एरवी तोंड उघडायचे नाहीत. ते चौथ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, एक गलती हमसे भी हुई है." याद्या टाइप करणारी शबनम जरा अडली की उठून बाईंकडे जायची. दोघांनाही काम मी शिकवलेलं, पण असं उठून माझ्याकडे कधी कुणी आलं नव्हतं. त्या तिघांचं हसणं ऐकलं की मला चहा गोड लागायचा नाही. सरळच सांगतो, मी जळत होतो.

शेवटी बाई माझ्याकडे वळायच्या. "भाऊ, तुमचं काही?"

"माझं काही नाही." रोज हेच.

पावसाळा सरला की पोथ्यांना गच्चीवर ऊन द्यावं लागतं. एका वेळी एकच पोथी उघडायची, असं चौघांनी मिळून ठरवलं होतं. पण जुना माणूस दुप्पट काम करतो हे मला दाखवून द्यायचं होतं. मी दोन उघडल्या. एकाच हाताने लिहिलेल्या, एकाच मापाच्या, दोन्हींच्या पानांवर एक ते चाळीस आकडे. माकडांची टोळी आली. मी काठी घेऊन धावलो, पण तोवर पानं गच्चीभर झाली होती. कुठलं पान कुठल्या पोथीचं, काही कळेना. वर दुसरं कुणी नव्हतं. मी सगळी पानं एकाच बस्त्यात बांधली, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चहाला म्हणालो, "माझं काही नाही."

बाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

त्यानंतर अडीच वर्षांनी, गेल्या चैत्रात, आईच्या आजारपणामुळे त्या नागपूरला परत गेल्या. शबनम रडली. मी हार आणला होता, सर्वांत मोठा. खुर्ची मला मिळाली. पहिल्या दिवशी दहा वाजता दोघं सवयीने टेबलाशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली. "चला, कामाला लागा," मी म्हणालो. दोघं आपापला कुल्हड घेऊन जागेवर गेली. तेव्हापासून माझ्याकडे कुणी एकही चूक सांगायला आलेलं नाही.

काल मी तो बस्ता खाली काढला. गुपचूप पानं लावून टाकावीत असा विचार होता. आत बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. "दोन पोथ्यांची पानं मिसळली आहेत. भाऊ सांगतील तेव्हा त्यांच्यासोबत बसून लावू." खाली तारीख, माकडं आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे ती अडीच वर्षं त्या मला रोज उगाच विचारत नव्हत्या.

आज दहा वाजता मी दोघांना टेबलाशी बोलावलं. बस्ता मध्ये ठेवला. कुल्हड हातात धरला, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. बाईंना हे रोज जमायचं, तेही हसत हसत. त्यांचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.