मामंजींची लॉरी आणि माझी जाळी

माझ्या सासऱ्यांच्या लष्करी लॉरीची जाळी मी शेणात बुडवली, आणि एवढ्या एका कामावर त्या घरात माझं नाव झालं.

लॉरी लाकडाची होती, हातभर लांब. मामंजी लढाईत ब्रह्मदेशात लॉरी हाकत. पणदऱ्याला परत आल्यावर त्यांनी सागाच्या फळकुटांतून तीच लॉरी पुन्हा बनवायला घेतली. चाकं, दारं, समोरची काच, सगळं जिथल्या तिथं. राहिली होती ती फक्त वरची जाळी. विमानातून दिसू नये म्हणून लॉरीवर चिंध्या बांधलेली जाळी पसरायचे म्हणे, आणि नेमकं तिथंच मामंजींचं दुखणं होतं.

लढाईत त्यांच्याबरोबर कळंबचे दादाराव होते. जिवाला जीव देणारा माणूस, पण जिभेला हाड नाही. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत सांगायचे, "ह्या गुलाबरावनं जाळी टाकली की लॉरी आंधळ्यालाबी दिसायची." पंगत हसायची. मामंजीही हसायचे, पण मग त्यांना जिलबी जात नसे. आता गावच्या जत्रेला दादाराव येणार होते. त्यांच्या तोंडून एकदा 'न्हाय दिसली' एवढं वदवून घ्यायचं, म्हणून मामंजींचा सारा आटापिटा चालला होता.

मी तेव्हा नवी सून. त्या काळी सासरा सुनेशी थेट बोलत नसे. मामंजींना काही सांगायचं असलं की ते गोठ्यातल्या म्हशीला सांगत. "म्हशे, आज कालवणात मीठ न्हवतं बरं का." म्हैस बिचारी रवंथ करत ऐकून घ्यायची आणि मी मिठाचा डबा जवळ ओढायची. एकदा ते म्हणाले, "म्हशे, ह्या घरात कुणाला बारीक जाळी विणता येती का?"

म्हैस गप्प. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, म्हणावं, मला येते." (इंदापूरला सातवी पास, क्रोशाच्या विणकामात पहिला नंबर. हे मी कुणी न विचारताच सगळ्यांना सांगत असे.)

मी जाळी विणली. हिरवा दोरा, कडेनं शिंपले, आणि सासऱ्यांच्या नावाचा मान म्हणून चारी कोपऱ्यांवर एकेक गुलाब! मामंजी ती बराच वेळ उलटसुलट बघत राहिले.

"म्हशे," ते हळूच म्हणाले, "ही लॉरी हाय. रुमाल टाकायला रेडिओ न्हवं."

मग आमच्या ह्यांनी बारामतीहून जखमेला बांधायची जाळीदार पट्टी आणली. तिच्यात हिरव्या चिंध्यांच्या बारीक फिती गाठवायच्या होत्या. पण माझा हात रांगोळीचा. एकेक फीत मी ठिपक्यांसारखी सारख्या अंतरावर बसवली.

"म्हशे, झाडाला पानं रांगंत येत्यात का गं?"

मी चुलीपुढं जाऊन थोडी रडले. बाहेर आले तर मामंजी स्वतःच म्हशीच्या पलीकडं बसून चिंध्या फाडत होते. मी अलीकडं बसले. ते म्हशीला सांगत होते, "इथं दाट, तिथं इरळ, मधीच मोकळं सोडायचं," आणि मी गाठी मारत होते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. असं जवळ बसून मला कुणी काही शिकवलं नव्हतं. मध्ये म्हैस होती म्हणून काय झालं? ती दुपार मला फार आवडली.

जाळी झाली, पण पोपटासारखी हिरवीगार दिसायला लागली. त्यावर मामंजींनी म्हशीला शेवटचा कानमंत्र दिला. "जिथली लॉरी, तिथल्याच मातीत जाळी मळायची."

हे मी फारच मनावर घेतलं. लॉरी ठेवायची होती दारापुढच्या ओट्यावर, आणि ओटा शेणानं सारवलेला. जत्रेच्या आदल्या दिवशी मी जाळी सारवणाच्या पाटीत बुडवली, लॉरीवर पसरून वाळवली आणि वरून उसाचं पाचट भुरभुरलं. सकाळी आत्याबाईंनी कचरा समजून दोनदा तिच्यावर झाडू मारला. मला धन्य वाटलं.

मामंजी एस.टी.च्या थांब्यावरून दादारावांना घेऊन आले. मी दाराआडून फटीतून बघत होते.

"दादाराव, हितंच लॉरी हाय. हुडक."

"तुजी लॉरी हुडकायची? ती समूरच दिसंल." दादारावांनी अंगणात नजर फिरवली. मामंजींनीही फिरवली. (ठेवली मी होती. त्यांनाही ती दिसेना.) "जरा टेकू दे बाबा, गुडघं दुखत्यात," म्हणत दादाराव ओट्यावर बसले.

कड्ड!

दादाराव सावकाश उठले. त्यांनी धोतराच्या मागून एक चाक काढलं.

"ह्ये काय?"

"लॉरी," मामंजी म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

दादारावांनी वाकून जाळी उचलली. बोटांनी चाचपली, वास घेतला, पुन्हा चाचपली.

"न्हाय दिसली, गुलाबराव."

"काय म्हणलास?"

"न्हाय दिसली. पाचट समजून बसलो की रं."

"परत म्हण."

दादाराव परत म्हणाले. मामंजींनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मग म्हशीकडं न बघता थेट दाराकडं वळले.

"पोरी, चहा टाक. गूळ जास्ती घाल."

कुणाला म्हणताहेत म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

दोघा म्हाताऱ्यांनी मिळून लॉरी चिकटवली. एक चाक वाकडं राहिलं, ते अजून तसंच आहे. मामंजी गेले, दादाराव गेले. पण घरात चष्मा, किल्ली, काहीही सापडेनासं झालं की नातवंडं म्हणतात, "आजीनं जाळी टाकली असंल." आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मी त्याच्यावरच बसलेली असते.