उतारावरचा हँडब्रेक

"ओढा साहेब. आता सोडा. परत ओढा."

मी गाडीखाली उताणा पडलो होतो आणि स्टिअरिंगवर खुद्द साहेब बसले होते, टंचाई विभागाचे मोठे अधिकारी. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण मला दांडा ओढायला कुणीतरी हवं होतं. ड्रायव्हर गफूरभाईंना मी पिन आणायला बाजारात पिटाळलं होतं. दुपारी निलंग्याकडे दुष्काळी कामांची पाहणी होती आणि गाडी उतारावर थांबत नव्हती.

हे सगळं लातुरात, माझ्या घरासमोर चाललेलं. जिल्हा नवाच झाला होता. पाट्या आल्या, खुर्च्या आल्या, वर्कशॉप मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिलं. मी सरकारी मेकॅनिक, त्यामुळे गाड्या माझ्या दारात यायच्या.

हँडब्रेकमध्ये फार मोठी विद्या नाही. दांडा ओढला की खालची तार ताणते आणि मागची चाकं आवळली जातात. तार सैल पडली की मागचं चाक जॅकवर उचलायचं आणि नट फिरवून ती ताणायची. गोम एवढीच, की हे करताना दांडा सोडावा लागतो. आणि एक मागचं चाक हवेत असलं की गाडी गियरमध्ये टाकूनही उपयोग नसतो, चाकं फिरायला मोकळीच राहतात. तेवढा वेळ गाडी धरतात ते पुढच्या चाकांना लावलेले दगड. मी दोन लावले होते.

आमची गल्ली उताराची. सपाट जागा एकच, खालच्या टोकाला, आणि ती टँकरची. हंडे ठेवले तर चोरीला जायचे, म्हणून बायका सकाळपासून नंबराला दगड ठेवायच्या.

साहेबांना दांडा ओढून धरायला सांगून मी तार चाचपत असताना कुणाची तरी अनवाणी पावलं पुढच्या चाकापाशी आली, थांबली, गेली. मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं आरोळी उठली, "टँकर आला!" सगळी गल्ली खाली धावली.

"किती वेळ, कांबळे?"

"झालंच साहेब. सोडा."

दांडा सुटला आणि गाडी हलली. जॅक तिरका झाला. मी कसा बाहेर लोळलो ते आजही सांगता येणार नाही. चाक धाडकन जमिनीवर आलं. पुढच्या डाव्या चाकाचा दगड जागेवर नव्हताच. उजव्या दगडावरून उडी मारून गाडी उताराला लागली.

साहेब दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढत होते. पण हँडब्रेक उभी गाडी धरतो. सुटलेली गाडी, तीही सैल तारेवर, त्याच्या बापाच्यानंही थांबत नाही.

"पायाचा ब्रेक, साहेब! मधला! जोरात!" मी मागून पळत ओरडत होतो. "सरका, सरका! गाडी सुटली!"

बायका हंडे टाकून बाजूला झाल्या. एक सोडून. आमच्या शेजारची साठीची कोंडाबाई हंडा कवटाळून तिथंच उभी. माझी बायको सुमन सरकली होती, ती तिचा हात ओढायला परत गाडीपुढे शिरली. त्या वेळी मला ना नोकरी दिसत होती, ना साहेब. फक्त सुमनची पाठ दिसत होती.

गाडी थांबली. बंपर आणि हंडा यांच्यात जेमतेम हात शिरला असता.

साहेब पांढरेफटक पडले होते. दोन्ही पाय ब्रेकवर. "कांबळे, पाय काढू का?"

"नका काढू!"

मी चाकाला लावायला दगड शोधू लागलो. कोंडाबाईच्या पायाशी माझाच दगड होता, ग्रीसच्या डागासकट.

"कोंडाबाई, ह्यो माझ्या गाडीचा दगड हाय!"

"दोन व्हते की. म्या एकच नेला. टँकर गेल्यावर आणून ठेवनारच व्हते."

मी वाकलो तशी ती खेकसली, "त्याला हात नको लावू! नंबर हाय माजा!"

सुमन तिच्यावर ओरडली. "मावशे, मरायचं व्हतं का तुला? सरकायला काय झालं?"

"गाडी थांबली तर थांबली, न्हाई तर न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "नंबर तर गेलाच असता न्हवं?"

साहेबांनी हे ऐकलं. मी दुसरा दगड आणून चाकाला लावला, तरी कोंडाबाई हंडा भरून बाजूला होईपर्यंत त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही.

टँकर गेल्यावर त्याच सपाट जागेवर मी काम पुरं केलं. दौरा उशिरा निघाला, हँडब्रेक मात्र चोख धरला. आता आमच्या गल्लीला दुसरा टँकर मिळेल, असं मला वाटलं होतं. तो काही आला नाही.

नवीन मेकॅनिक हाताखाली आला की मी त्याला एवढंच सांगायचो. दांडा सोडण्याआधी चाकाचे दगड बघ, आणि टंचाई असेल तर परत परत बघ. तो ब्रेकचा दगड आहे, हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.