गाडीत ठेवून या

मसालेभाताचं मोठं पातेलं एकट्याने उचलता येत नाही. त्या रविवारी एक कडी भाऊंच्या हातात होती आणि दुसरी माझ्या. डॅलसजवळच्या प्लेनोतल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम चालू होता. बाहेर मुलांचा नाच संपत आला होता आणि पानं वाढायची वेळ झाली होती. भाऊ वाकले, त्यांचा झब्बा मागून वर सरकला, आणि कमरेच्या पट्ट्यात मला एक काळी मूठ दिसली.

आधी वाटलं, फोनचं काहीतरी असेल. मग कळलं, ती बंदूक होती. टेक्सासमध्ये वीस वर्षं काढल्यावर ती वस्तू ओळखता येते. दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला मी ती अनेकदा पाहिली होती. झब्ब्याखाली कधी पाहिली नव्हती.

"वहिनी, सरळ धरा, सांडेल," भाऊ म्हणाले. मी काय पाहिलं ते त्यांना कळलं होतं. झब्बा खाली ओढून ते शांतपणे चालू लागले आणि त्यांच्या चालीने मीही.

भाऊ म्हणजे आमच्या मंडळाचं स्वयंपाकघर. मूळचे नागपूरचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. सॉफ्टवेअरमधली नोकरी गेल्यावर पन्नाशीत त्यांनी एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप आणि त्याला लागून असलेलं छोटं दुकान, चालवायला घेतलं. दोनशे माणसांच्या पानात काय किती लागेल, हे त्यांना न लिहिता कळायचं. मी मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे आमचा रोजचा फोन. एवढ्या फोनांमध्ये त्यांनी या गोष्टीचा कधी उच्चारही केला नव्हता.

त्या दिवशी मी जेवले नाही. भाऊ ओळीत उभे राहून भात वाढत होते आणि लहान मुलं नेहमीसारखी त्यांच्या कमरेला येऊन बिलगत होती. एका मुलीने दोन्ही हातांनी मागून मिठी मारली, तेव्हा भाऊंनी तिला अलगद वळवून पुढच्या बाजूला घेतलं. ती हालचाल अगदी सवयीची होती. ते हे बरेच दिवस करत आले होते.

पार्किंगमध्ये भांडी भाऊंच्या पिकअप ट्रकमध्ये चढवताना मी विचारलं, "भाऊ, कधीपासून?"

"मागच्या वर्षी दुकानात दोन पोरं घुसली होती, आठवतं?"

आठवत होतं. चोरी झाली एवढंच आम्हाला माहीत होतं.

"त्यातल्या एकाने इथे टेकवली होती." त्यांनी भुवईच्या वर बोट ठेवलं. "त्याचा हात थरथरत होता वहिनी. माझ्यापेक्षा जास्त. त्याच्या हातून चुकून गोळी सुटली तर, एवढंच डोक्यात होतं. तेव्हापासून जवळ नसली तर मला श्वास पुरत नाही."

"पण इथे मुलं असतात."

"म्हणूनच तर ठेवतो. उद्या कोणी वेडा दारातून आत आला, तर तुम्ही काय करणार? उलथनं घेऊन धावणार?"

मी शेवटचं पातेलं ट्रकमध्ये सरकवलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो डिशवॉशर लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "खरं सांगू? हॉलमध्ये एकाकडे तरी आहे हे ऐकून मला बरं वाटलं." पंचवीस वर्षांचा संसार, आणि या बाबतीत याचं मत काय आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आठवडा गेला. मग कमिटीच्या मीटिंगच्या अजेंड्यावर एक ओळ घातली : हॉलमधील सुरक्षितता. पाठवण्याआधी भाऊंना फोन केला. "तुमचं नाव मी घेणार नाही," म्हटलं.

"घ्या की. मी काय चोरी करून राहिलो?"

मीटिंग आमच्याच घरी झाली, दुपारी, चहा-चिवड्यावर. भाऊंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि स्वतःच सांगून टाकलं.

पहिली बोलली ती आमच्या कमिटीतली सगळ्यात लहान मुलगी. इथेच जन्मलेली, सव्वीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिकवणारी. मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र इंग्रजीत शिरायची. "भाऊकाका, आय लव्ह यू, तुम्हाला माहितीये. पण मी पाच वर्षांच्या मुलांना शिकवते, शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसला तर अंधारात आवाज न करता कसं बसायचं ते. महिन्यातून एकदा. मंडळात येते ना, तेव्हा मला वाटतं, इथे तरी ते नाहीये. अँड नाऊ यू आर टेलिंग मी की ते भातासोबत माझ्या शेजारी उभं होतं."

"ते म्हणजे मीच होतो ना, बेटा," भाऊ म्हणाले.

"यू वेअर. बट सो वॉज इट."

मग एकजण म्हणाले, हा प्रत्येकाचा हक्क आहे, आपण कोण ठरवणार. दुसऱ्या म्हणाल्या, हक्क आपल्या घरी. आवाज चढायला लागले. ज्या दोन कुटुंबांच्या मुलांची लग्नं आम्ही एकत्र लावली, त्यांच्यातले दोघे एकमेकांकडे न बघता बोलत होते. आजवर कोण कोणाला मत देतं हे आम्ही शिताफीने टाळत आलो होतो. मंडळ त्या टाळण्यावरच टिकून होतं, असं त्या दुपारी वाटलं.

शेवटी डॉक्टरकाका बोलले. पंचाहत्तरी उलटलेले, निवृत्त सर्जन, आमच्यातले सगळ्यात आधी आलेले. ते म्हणाले, "मी लोकांच्या अंगातून गोळ्या काढल्या आहेत. कोणी मारली असं विचारायचो, कारण लिहावं लागायचं. भाऊ, चोर-दरोडेखोर फार थोडे निघायचे. सख्खा भाऊ, नवरा, मित्र, नाहीतर स्वतःच. तुम्ही चांगले आहात यात शंका नाही. तेही बहुतेक चांगलेच होते."

भाऊंनी मान खाली घातली. मला ते बघवेना. हे लवकर संपावं, कोणी कोणाला सोडून जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी म्हटलं, "आपण दारावर पाटी लावू, आत बंदूक आणू नये अशी. कायद्यात त्याची सोय आहे. आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती गाडीत ठेवून यावी. कुणावर आरोप नको, कुणाला यायला मनाई नको."

सगळ्यांना हायसं वाटलं. मत घेतलं, ठराव झाला. भाऊंनीही हात वर केला. निघताना चपला घालता घालता मात्र म्हणाले, "गाडीत ठेवणं चांगलं नसतं वहिनी. लोकांना माहीत असतं." मला वाटलं, हा त्यांचा शेवटचा हट्ट. मी नुसती हसले.

पाटी करून आणली. तिचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिलेला असतो, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत. त्यामुळे ती चांगलीच मोठी झाली. सप्टेंबरात गणपतीच्या दिवशी मी ती हॉलच्या काचेच्या दारावर, रांगोळीच्या वरच्या बाजूला चिकटवली आणि नावांची यादी घेऊन टेबलाशी बसले.

सकाळी दहापासून लोक यायला लागले. पैठण्या, जॅकेटं, डब्यांमधून मोदक. शेजारच्या फ्रिस्कोहून एक नवं जोडपं आलं. नवरा पाटीपाशी थांबला, वाचली, बायकोला काहीतरी म्हणाला आणि पार्किंगकडे परत गेला. दोन मिनिटांनी आला, माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि आत गेला. थोड्या वेळाने आणखी एकजण तसाच वळला. मग आणखी एक. या तिसऱ्याने आमच्या मुलाला गणित शिकवलं होतं. भाऊ धरून चार झाले. यादीवर खुणा करताना माझा पेन एका जागी थांबला होता. इतकी वर्षं आरत्या म्हणताना, फुगड्या घालताना आमच्यात हे फिरत होतं, आणि फक्त पाटी लावली म्हणून ते दिसलं.

जे मला दिसत होतं, ते पार्किंगमधून कोणालाही दिसत होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

आरती झाली, जेवणं सुरू झाली. पत्रावळी कमी पडल्या म्हणून भाऊ ट्रककडे गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. ऊन रणरणत होतं. ट्रकची उजवीकडची काच फुटली होती आणि सीटवर काचेचे बारीक तुकडे साखरेसारखे पसरले होते. सीटखालची बंदुकीची छोटी लोखंडी पेटी साखळीसकट गेली होती. भाऊ फुटपाथच्या कडेवर बसले होते, पत्रावळींचा गठ्ठा मांडीवर घेऊन.

"भरलेली होती," ते म्हणाले. एवढंच.

बाकीच्या तीन गाड्यांपैकी एकीचीही काच फोडलेली होती, पण तिच्यात चोरांना काही सापडलं नव्हतं. त्या माणसाने ती डिकीत ठेवली होती.

पोलीस आला. तरुण होता, बोलायला चांगला. असं फार होतं म्हणाला, चर्चबाहेर, मॅचच्या वेळी, जिथे जिथे लोकांना ती गाडीत ठेवावी लागते तिथे. बंदुकीचा नंबर विचारला. भाऊंना पाठ नव्हता. घरी कागद होते. लिहून घेता घेता पोलिसाने दारावरच्या पाटीकडे पाहिलं आणि तो पुढचं लिहू लागला. ते पाहणं मला फार लागलं.

आत बातमी पोहोचली होती. शाळेत शिकवणारी मुलगी धावत आली आणि भाऊंसमोर उकिडवी बसली. "आय अॅम सॉरी, काका."

"तुझी काय चूक आहे बेटा? तू खरं तेच बोलली."

"पण आता ती कुणाकडे आहे?"

भाऊंनी रिकामे हात पसरून दाखवले. मग म्हणाले, "पत्रावळी आत ने. लोक थांबले असतील."

संध्याकाळी भांडी धुताना भाऊंची बायको माझ्या शेजारी उभी होती. नळ बंद करून म्हणाली, "मी रोज देवाजवळ मागायची, ही घरातून जाऊ दे म्हणून. पण अशी जाऊ दे, असं नाही हो मागितलं."

त्यानंतर मंडळात बरंच काही झालं. पाटी काढावी असं काहींचं म्हणणं पडलं, काढली तर आम्ही येणार नाही असं दुसऱ्यांचं. शेवटी पाटी राहिली आणि दारावर, ड्युटी संपल्यावर पैसे घेऊन पहारा देणारा पोलीस उभा करायचं ठरलं. त्याच्या कमरेला जी होती, तिच्याबद्दल कोणाचीच हरकत नव्हती. डॉक्टरकाका मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा तोडगा वाईट नव्हता. मीही हात वर केला होता." ते दिलासा द्यायला म्हणाले. मला तो मिळाला नाही.

भाऊ मात्र बदलले. डॅलसच्या आसपास कुठेही गोळीबाराची बातमी आली, की ते पोलिसांना फोन करून नंबर सांगायचे. तीच का, असं विचारायचे. सुरुवातीला तिकडची माणसं नीट बोलायची, नंतर टाळायला लागली. मग ते मला फोन करायचे. "वहिनी, कालचं वाचलं?" मी वाचलेलंच असायचं. सकाळी चहाच्या आधी मी तेच उघडायला लागले होते. एका बातमीत सतरा वर्षांचा मुलगा होता, एकीत आजी. नावं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे, तेव्हा तो म्हणायचा, "बंद कर गं." आणि उठून जायचा. एकदा मी त्याला विचारलं, अजून बरं वाटतं का. तो म्हणाला, "माहीत नाही." ते खरं उत्तर होतं.

फेब्रुवारीत भाऊंना एका डिटेक्टिव्हचा फोन आला. बंदूक सापडली होती, तीन तासांवरच्या एका गावात. चोरीची तारीख, जागा, शेवटची कधी पाहिली, असं सगळं त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, ती एका केसमध्ये पुरावा म्हणून ठेवली आहे.

भाऊंनी विचारलं, "कुणाला लागलं का?"

त्याबद्दल बोलता येणार नाही, असं उत्तर आलं. भाऊंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. केस संपल्यावर परत हवी असेल तर फॉर्म भरावा लागेल, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

हे सगळं भाऊंनी मला त्यांच्या दुकानात सांगितलं. मी मुद्दाम गेले होते. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांची बायको काउंटरच्या आत स्टुलावर बसून स्वेटर विणत होती. आता ती रोज येते, त्यांना एकटं सोडत नाही.

"फॉर्म भरणार?" मी विचारलं.

"नाही."

मग मी कित्येक महिने अडलेलं बोलले. "भाऊ, तुम्ही तेव्हा चपला घालताना सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी काउंटरवरची चिल्लर एका बाजूला सारली. रागाने नाही, विचार करत. "गाडीत ठेवा हे तुम्ही म्हणालात," ते म्हणाले. "विकत घेतली ती मी. हे दोन्ही खरं आहे. आता आपल्या दोघांना ते घेऊनच राहावं लागेल."

दाराची घंटा वाजली आणि एक माणूस आत आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. भाऊंच्या बायकोच्या सुया थांबल्या. भाऊंनी दोन्ही तळवे काउंटरवर उघडे ठेवले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, काय हवंय.

त्याला कॉफी हवी होती. बाहेर फार गार आहे, असं तो म्हणाला.