सहा महिन्यांचं घर

बीडला आमच्या वरच्या मजल्यावर बदलीवर आलेली माणसं पाच-सहा महिने राहून जातात. एक गेलं की दुसऱ्यासाठी घर लावायचं, याचा मला आता शीण येतो. मदतीला नेकनूरच्या मावशी येतात. पूर्वी त्या दर साल सहा महिने घर सोडून ऊसतोडीला जायच्या.

मी लोखंडी कपाट आणलं, तर त्या म्हणाल्या, "ह्ये कावून आनलं ताई? कपाटातलं जाताना इसरतं. खिळे ठोका, समदं डोळ्यापुढं ऱ्हातं." तवा, बादली, विळी आणि वाळवणाची दोरी त्या आधी मांडतात. मी आणखी काही सुचवलं की म्हणतात, "सा म्हयन्याला काय लागतं ते आमाला इचारा." बोलताना हात थांबत नाही.

परवा त्या आल्या नाहीत, म्हणून मी नेकनूरला गेले. अंगात ताप घेऊन त्या भाकरी थापत होत्या. साड्या खिळ्यांवर होत्या. रोजची दोन-तीन सोडली तर बाकी भांडी कोपऱ्यात पोत्यात बांधलेली होती. ऊसतोड सोडून त्यांना चार वर्षं झाली आहेत.

"मावशी, पोतं अजून सोडलं नाही?"

"सोडीन की," त्या भाकरी उलटत म्हणाल्या. "जरा टेकू तर द्या."