वाटीतलं काळं तेल

"पोरीले इंग्रजी शिकवून राहिला, अन् गाडीत दम नाही."

गोदामाच्या ओट्यावर बसलेला मुनीम हे शेजारच्या हमालाला म्हणाला, पण आवाज असा ठेवला की गाडीत बसलेल्या मलाही ऐकू यावा. हमाल हसला. मी मांडीवरच्या पुस्तकाचं एक पान उलटलं. आधीचं वाचलेलं नव्हतं. मागे बाबा सुताच्या गाठोड्यांवर दोर आवळत होते. त्यांनीही ऐकलं. मारलेली गाठ त्यांनी सोडली आणि पुन्हा मारली.

मग ते पुढे येऊन बसले आणि गाडी सुरू केली. तिने काळा धूर सोडला. तो थेट ओट्यापर्यंत गेला आणि मुनिमाने धोतराचा सोगा नाकाला लावला. त्या सकाळी आम्हाला मिळालेलं समाधान तेवढंच.

गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी डिझेल पिकअप. बाबांनी कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग ही घेतली. नागपूरच्या कडेला असलेल्या वाडीच्या या गोदामातून सूत उमरेडच्या विणकरांकडे न्यायचं आणि येताना विणलेली लुगडी आणायची, असं काम त्यांना मिळालं होतं. मिळालं म्हणजे एक महिना, बघण्यापुरतं. भरलेला माल रोज सकाळी दहाच्या आत उमरेडला पोचला तर काम कायम, नाही तर दुसऱ्या गाडीला. "टिकलं तं मालक," बाबा म्हणायचे, "नाही तं पुन्हा ड्रायव्हर." आणि वाटेत एक लांब चढ होता, तिथे गाडी रोज धापा टाकायची.

गोदामावरच्या बाकी सगळ्या गाड्यांना लिंबू-मिरची टांगलेली असे. आमच्या गाडीला नसे. काचेच्या आत बुद्धाचं एक छोटं चित्र चिकटवलेलं होतं. वाडीत आमच्याबद्दल जे काही कळायचं ते तेवढ्यावरून कळून जायचं. चहा सगळ्यांचा ओट्यावर यायचा, बाबांचा कप ओट्याच्या टोकाला खाली ठेवलेला असायचा. बाबा तो उचलायचे, प्यायचे आणि स्वतःच विसळून ठेवायचे. एकदा मी त्यावर काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "त्याईचं सोड. गाडी पोचली पाहिजे."

सकाळी मी त्याच गाडीतून कॉलेजला जात असे, कारण वाडीहून उमरेडला जायचं तर शहरातूनच जावं लागतं. कॉलेजच्या एक वळण आधी मी म्हणायची, "बाबा, इथेच थांबवा, इथून मला जवळ पडतं." जवळ पडत नव्हतं. बाबांना ते ठाऊक असणार. ज्यांना नागपुरातली प्रत्येक गल्ली माहीत, त्यांना हे कसं कळणार नाही? पण ते रोज थांबायचे. मी उतरून ओढणीवरची धूळ झटकायची, आणि गाडी पुढे जाईपर्यंत चालायला लागायची नाही. कोणी मैत्रिणीने पाहिलं तर मी रस्त्यावर उभी असलेली एक मुलगी, आणि गाडी कुणाचीतरी.

हे आधी सांगून टाकलं. पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

आता ती वाटी. डिझेल इंजिनला जाळायला हवा लागते, आणि ती बॉनेटखालच्या एका डब्यातून आत जाते. डब्याच्या तळाशी वाटी असते, वाटीत तेल. हवेतली धूळ त्या तेलाला चिकटते. उमरेडचा रस्ता कोळशाच्या धुळीचा, म्हणून बाबा दर रविवारी ती वाटी काठोकाठ भरायचे, इंजिनातून काढलेल्या जुन्या काळ्या तेलाने. आधीचा गाळ तसाच खाली. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. "जितकं तेल, तितकी धूळ धरते," म्हणायचे. जे चांगलं ते भरपूर करायचं अशी त्यांची रीतच होती. पाहुण्याच्या चहात साखर भरपूर, ताटात भात भरपूर, आणि मुलीला शाळा, तीही भरपूर.

गाडीबरोबर लिलावात एक इंग्रजी मॅन्युअलही आलं होतं. बाबा त्याला गाडीचं पुस्तक म्हणायचे. घरात ते वाचू शकणारी मी एकटी, पण मला कोणी वाचायला सांगितलं नव्हतं आणि मीही उघडलं नव्हतं. माझ्या शाळेतल्या वक्तृत्वाच्या बक्षिसांशेजारी ते फळीवर ठेवलेलं होतं.

मुनिमाच्या त्या बोलण्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "चाल वं माय, मिस्त्रीकडे जाऊ. ते पुस्तक घे. वाटेत वाच, धूर काहून मारते ते."

मी वाचलं. खड्ड्यांतून अक्षरं हलत होती. बत्तिसाव्या पानावर त्या डब्याचं चित्र होतं. वाटीच्या आतल्या बाजूला एक रेघ दाखवलेली, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं: तेल फक्त या रेघेपर्यंत. जास्त भरलं किंवा गाळ साचला तर हवा अडते, इंजिन काळा धूर सोडतं आणि त्याची ताकद कमी होते. वाटी रिकामी करावी, डब्यातली जाळी रॉकेलने धुवावी, रेघेपर्यंत नवं तेल घालावं. बस. ज्या कामाला बाटलीभर रॉकेल आणि थोडं तेल लागेल, ते माझ्या मांडीवर उघडं होतं. मी पानात बोट घातलं, आणि तेवढ्यात मिस्त्रीची शेड आली.

शेडमध्ये चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसलेले. मिस्त्रीने गाडीचा आवाज ऐकला, धूर पाहिला आणि बॉनेट न उघडताच म्हणाला, "भाऊ, डिझेलचा नवीन पंप घ्याल तं गाडीपेक्षा महाग पडते. मी पंपाचा स्क्रू पाव आटा फिरवून देतो. जास्त डिझेल जाईन, जास्त दम येईन. पैसे नका देऊ, चहा पाजा."

"त्या स्क्रूले सील आहे ना गा?" बाबा म्हणाले. "तोडू नाही म्हणतात."

"सील कंपनीनं लावलं, भाऊ. उमरेडचा चढ काय कंपनी चढून राहिली का?"

सगळे हसले. बाबाही थोडे हसले, पण त्यांनी हात वर केला. "थांब जरा. गाडीचं पुस्तक आहे. माझी पोरगी वाचून राहिली." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेच्या बक्षीस समारंभात, ते मागच्या रांगेत बसलेले असताना, स्टेजवरून पाहिलेलं होतं. "सांग वं माय, काय लिहून आहे त्याच्यात?"

सगळ्यांनी माना वळवल्या. एकजण चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "घ्या! आता मॅडम मिस्त्रीले शिकवते!"

माझं बोट पानातच होतं. शाळेने मला बोलायला शिकवलं होतं. उभं कसं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यायचा. पण ते दुसऱ्याने लिहून दिलेलं बोलायला. जुन्या तेलाच्या वाटीबद्दल पाच ड्रायव्हरांसमोर बोलायला कोणी शिकवलं नव्हतं. इतकंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण मनात आणखी एक होतं: हे मी बोलले की मी या शेडची होईन. मला त्या एक वळण आधी उतरणाऱ्या मुलीलाच सांभाळायचं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसती चित्रं आहेत."

बाबांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीला म्हणाले, "फिरव गा."

स्क्रूपर्यंत पाना जायला हवा म्हणून मिस्त्रीने आधी तो हवेचा डबा वाटीसकट काढून एका पिंपावर ठेवला. पकडीने सीलची तार तोडली. पाव आटा फिरवला. आणि डबा तसाच बाहेर ठेवून म्हणाला, "जा, पुलावर एक चक्कर मारून या."

गाडी त्या पुलावर अशी चढली की बाबांनी हॉर्न वाजवला. कारण काही नव्हतं, नुसताच. धूर जवळजवळ नव्हताच. "पाहिलं वं?" ते म्हणाले. "पाव आट्यात!" मी मागच्या काचेतून पाहिलं. शेडपाशी पिंपावर तो डबा ठेवलेला होता. मोकळी हवा मिळताच गाडी पळत होती, आणि हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. पण मग शेडमध्ये खोटं का बोलले ते सांगावं लागलं असतं.

परत आल्यावर बाबांनी स्वतःच्या हाताने वाटी काठोकाठ भरली आणि डबा बसवला. मिस्त्रीला चहा पाजला, सगळ्यांनाच पाजला.

सोमवारी धूर पहिल्यापेक्षा जास्त होता. गाडी चढ चढली, पण चढताना तापली. आठवड्याने बाबा पुन्हा मिस्त्रीकडे गेले, तेव्हा मला नेलं नाही. आणखी पाव आटा. त्या दिवसांत मी दोनदा ठरवलं की रविवारी वाटी मीच धुवून ठेवेन, न बोलता. दोन्ही रविवारी बाबा माझ्याआधी उठले.

महिना संपायला चार दिवस राहिले असताना गाडी त्या चढावर बंद पडली. मी तेव्हा वर्गात होते. बाबा एसटीने परत आले. एका हातात जॅक, दुसऱ्या हातात गाडीचं पुस्तक, चोरीला जाऊ नये म्हणून आणलेलं. मिस्त्रीने इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं होतं. इतकं डिझेल जाळायला हवा नाही, नुसती आग. त्याने ते जळकं पिस्टन बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "म्हातारं इंजिन होतं, भाऊ. तुमचं नशीब." स्क्रूचं नाव कोणी काढलं नाही. मुनिमाने त्याच दिवशी काम दुसऱ्या गाडीला दिलं, आणि पंधरा दिवसांनी बाबांना गोदामाच्या गाडीवर ड्रायव्हर ठेवून घेतलं. त्या गाडीला लिंबू-मिरची होती. दर शनिवारी ती बदलायचं कामही ड्रायव्हरचंच.

पिकअप घराशेजारी उभी राहिली. उन्हाळ्यात आईने तिच्या बॉनेटवर कुरडया वाळवल्या. येणारा-जाणारा विचारायचा, काय झालं गाडीला? आणि बाबा प्रत्येकाला तेच सांगायचे. मिस्त्रीबद्दल नाही, मुनिमाबद्दलही नाही. "आपल्याकडून काही कमी नाही केलं. पुस्तकसुद्धा पाहिलं. माझ्या पोरीनं अख्खं वाचलं, इंग्रजीत. त्याच्यात काहीच नव्हतं." सगळं गेलं तरी हे एक त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि ते अभिमानाने सांगायचे. ते सुरू झालं की मी स्वयंपाकघरात जायची आणि तिथे काही काम नसायचं.

शेवटी सुटे भाग विकत घेणारा एक म्हातारा गाडी बघायला आला. एका दुपारी त्याने बॉनेट उघडलं, डब्याची कडी सोडवली, वाटी उतरवली आणि उन्हात तिरपी धरली. काळं, दाट तेल काठावरून त्याच्या चपलेवर सांडलं.

"अरे बाप्पा!" तो म्हणाला. "एवढं तेल कोणं भरलं हो? श्वास कुठून घेईन इंजिन? आतमधी रेघ असते ना भाऊ. रेघेच्या वर नाही जायचं."

बाबा वाटीत बघत राहिले. मग त्यांनी बोट घालून आतली बाजू पुसली. रेघ होती. त्यांनी पुन्हा पुसली.

"असं कसं?" ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पुस्तक वाचलं होतं ना माझ्या पोरीनं. त्याच्यात काहीच नव्हतं." आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं, जसं शेडमध्ये पाहिलं होतं तसंच. अजूनही तसंच. "सांग वं माय याले."

म्हातारा चपला पुसत होता. आई आत कपडे आपटत होती. या वेळी हसणारं कोणी नव्हतं.

"होतं, बाबा," मी म्हटलं. "बत्तिसाव्या पानावर होतं. त्या दिवशी माझं बोट त्याच पानात होतं."