धावपट्टीवरचा लाल झेंडा

भूतखेत या प्रकारावर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले. ते म्हणायचे, देवांबरोबर भुतंही वाहून गेली, आता अंधारात ठेच लागली तर दगडाला दोष द्या. अशा घरात वाढलेला मी… तरीही हे लिहितोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, माळावर फौजेची एक जुनी धावपट्टी होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या बाईबद्दल सांगणार आहे तिची माणसं अजून तिथं राहतात. फौजेनं पट्टी सोडली आणि मुलकी विमानांसाठी ती नीट करायचं काम आमच्या बांधकाम खात्याकडे आलं. मी ओव्हरसियर. वय पंचवीस, डोक्यात हवा.

माळाला कुंपण नव्हतं. पट्टीवर मेंढरं बसायची, बायका शेण गोळा करायच्या. विमान यायचं असलं की फौजेचा रोजंदारीवरचा चौकीदार किसनमामा पट्टीपलीकडच्या कडुलिंबाजवळच्या काठीवर लाल झेंडा चढवायचा. झेंडा दिसला की माळ रिकामा! विमान उतरेपर्यंत मामाला जागा सोडता येत नसे, म्हणून त्याची बायको रखमाबाई पट्टीला वळसा घालून भाकर तिथंच नेऊन द्यायची. झेंडा वर गेला की भाकर काठीखाली, हा त्या घराचा नेमच होता.

मी आल्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा नव्या लोखंडी खांबावर लावला. जुनी काठी निकामी म्हणून कापली आणि आखणीच्या खुंट्या केल्या. झेंडा फाडून त्याच्या चिंध्या त्या खुंट्यांना बांधल्या… लांबून दिसाव्यात म्हणून.

मामा म्हणाला, “साहेब, काठी ऱ्हाऊ द्याची व्हती. मेंढरंवाल्यांना दुसरं काई समजत न्हाई.”

“मामा, फौज गेली. आता दवंडी देऊ.”

“मंग इमान काय दवंडी ऐकून येतं व्हय?”

मी हसलो. फौजेबरोबर मामाचं कामही संपलं होतं, तरी तो रोज येऊन काठीच्या रिकाम्या खड्ड्यापाशी बसायचा. दोन महिन्यांत तापानं गेला. मी मातीला गेलो होतो, हे मुद्दाम सांगतो.

चाचणीचं पहिलं विमान गुरुवारी चार वाजता येणार, अशी दवंडी दिली. त्या दिवशी अडीचला मी कामावरच्या मांडवात जेवायला बसलो होतो. पट्टीवर चाळीसेक माणसं आणि त्यांची मेंढरं. चारला अवकाश आहे म्हणून मी कुणाला हटकलं नव्हतं.

एकदम आरडाओरडा झाला — “झेंडा चढला! झेंडा!”

ही भलत्या वेळी कुणाची मस्करी, म्हणून चिडून बाहेर आलो आणि कडुलिंबाकडे पाहिलं. काठी उभी होती. वर झेंडा… अख्खा. खाली कुणीतरी उभं होतं, तोंड दिसलं नाही.

विमानाचा आवाज त्यानंतर आला. ठरल्या वेळेच्या दीड तास आधी! पण तोवर माणसं, मेंढरं सगळी बाजूला झाली होती. रखमाबाईसुद्धा कडेला पोचली होती… आणि ती मागे वळली. स्वतःच्या दुपारच्या भाकरीचं फडकं छातीशी धरून कडुलिंबाकडे निघाली, वळसा न घालता, सरळ पट्टीवरून.

“आत्याबाई, मागं फिरा!” तिची सून द्वारका किंचाळली.

“कवाचे उन्हात उभे हायेत गं! उपाशी आसतील!”

मी धावलो. पोचलो नाही. याहून जास्त मला लिहवत नाही.

नंतर पाहिलं तर कडुलिंबाजवळ फक्त खड्डा. चिंध्या खुंट्यांना जिथल्या तिथं, गाठीसुद्धा माझ्याच. अहवालात मी लिहिलं की म्हातारीला ऐकू कमी येत होतं. खोटं होतं ते. तिला ठणठणीत ऐकू यायचं. झेंडा चढला म्हणून चाळीस माणसं वाचली, पण काठी मी कापली नसती तर कुणाला मातीतून उठून यायची वेळ आली नसती, असं मला वाटत राहतं. माझ्या वडिलांना हे मी शेवटपर्यंत सांगू शकलो नाही.

रखमाबाई पट्टीच्या मधोमध पडली होती. फडकं मात्र पलीकडे, खड्ड्यापाशी सापडलं. कुत्र्यानं ओढत नेलं असेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. पण फडक्याची गाठ सोडून, अर्धी भाकर खाऊन, उरलेली पुन्हा बांधून ठेवणारं कुत्रं मी तरी पाहिलेलं नाही.

द्वारकेनं फडकं उचललं, उघडून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

“मामंजी रोज अर्धी ठिवायचे, साहेब,” ती म्हणाली. “आत्याबाईसाठी.”